जपानी गाण्यांतलं न बोललेलं प्रेम: शाळकरी मुलांना कोणती गाणी ऐकवाल?

शाई_दौत
मी पुण्यात जपानी शिकवते. एका वर्गात सगळी आठवी ते अकरावीतली मुलं आहेत. व्याकरण, कांजी (चित्रलिपीतली अक्षरं) रोजचं असतंच, पण अधूनमधून एक तास गाण्यांचा ठेवते. या वेळी विषय घ्यायचा आहे काताओमोई, म्हणजे एकतर्फी प्रेम.

माझं मत आधीच सांगते. या वयाच्या मुलांना ही गाणी फार चांगली सोबत करतात. कोझो मुराशिता यांचं १९८३ सालचं 'हात्सुकोई' (पहिलं प्रेम) घ्या. शाळा सुटलेली, ती मैदानावर धावतेय, तो लांबून तिला शोधतोय. पावसाळ्याच्या तोंडचा पाऊस त्याला हिरवा दिसतो. पुढे काय होतं? काहीच नाही. तिला नावाने हाक मारणंसुद्धा त्याला जमत नाही. तो तिच्या मागे जात नाही, तिला दोष देत नाही, मित्रांना मध्ये घालत नाही. जे वाटतंय ते त्याचं आहे आणि ते तोच सांभाळतो. आपल्याकडच्या हिंदी सिनेमाने मात्र दोन-तीन पिढ्यांना शिकवलं की तिने नकार दिला तर आणखी जोर लावायचा.

वर्गासाठी सहा-सात गाणी निवडायची आहेत. शब्द फार अवघड नकोत, मुलांना गुणगुणता यावीत, आणि पालकांनी अर्थ विचारला तर मला सरळ सांगता यावा. तुम्ही कोणती घ्याल? का?

झेलम_के
'किमी नो शिरानाई मोनोगातारी'. दुसरं नाव सुचूच शकत नाही. बाकी सविस्तर रात्री लिहिते, तोवर रुमाल टाकून ठेवते.

ओसरी
धागा चांगला आहे, पण माझा विरोध नोंदवतो. माझी मुलगी नववीत आहे. 'एकतर्फी प्रेमातून' हे दोन शब्द आपण पेपरात कुठल्या बातमीच्या मथळ्यात वाचतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. हल्ला, ॲसिड, आत्महत्या. त्या वयाच्या मुलांना हाच विषय सुरेल करून ऐकवायचा? आधीच मन हळवं असतं, त्यात रोज कानात हेच वाजत राहिलं तर दुःखात रमायची सवय लागते. माझी मुलगी जपानी गाणी ऐकते, मला शब्द कळत नाहीत, पण चेहरा कळतो.

कोमोरेबी
@ओसरी, तुमची काळजी खरी आहे. पण त्या मथळ्यातला माणूस आणि या गाण्यांतला माणूस एक नाहीत.

'नात्सु मात्सुरी' ऐका. मूळ १९९० चं, जिट्टेरिन जिन या बँडचं. २००० साली व्हाइटबेरीने पुन्हा गायलं आणि जपानमधल्या पोराटोरांच्या तोंडी बसलं. व्हाइटबेरी म्हणजे होक्काइदोतल्या कितामी गावच्या शाळकरी मुली. गाण्यात उन्हाळ्यातली जत्रा आहे, ती युकाता (उन्हाळ्यातला सुती किमोनो) घालून आली आहे, गर्दी एवढी की चुकामूक होईल. 'लांब जाऊ नकोस' म्हणत तो हात पुढे करायला जातो. आणि तोच हात खिशात घालून मूठ आवळून धरतो.

खिशातला तो हात मला या सगळ्या गाण्यांचा गाभा वाटतो. नंतर देवळाच्या पायऱ्यांवर बसून दोघं फुलबाज्या पेटवतात आणि आवडतेस हे सांगायचं राहूनच जातं. गाणं मात्र इतकं उडत्या चालीचं आहे की लोक नाचतात त्यावर. दुःखात रमवणारं अजिबात नाही. आणि गंमत बघा, सांगणारा मुलगा आहे, गाणाऱ्या सगळ्या मुली. जपानी गाण्यांत हे सर्रास चालतं, कोणाला खटकत नाही.

तोक्योकर
मी तोक्योत निशी-कासाईला राहतो, मुलगी इथल्याच जपानी शाळेत जाते. एक गोष्ट इथे राहिल्याशिवाय नीट समजत नाही, म्हणून लिहितो. एवढी गाणी याच विषयावर का, याचं बरंचसं उत्तर शाळेत आहे.

पहिलं म्हणजे हाक. वर्गात मुलं एकमेकांना बहुतेक आडनावाने हाक मारतात, पुढे सान किंवा कुन लावून. नुसत्या नावाने हाक मारणं म्हणजे बरंच जवळ येणं. शाईताईंनी लिहिलेलं 'नावाने हाक मारणं जमत नाही' हे आपल्या मुलांना कळणारच नाही, ती बालवाडीपासून एकमेकांना नावानेच बोलावतात. वर्गात हे आधी सांगा.

दुसरं म्हणजे कोकुहाकु. इथे दोघांचं 'जमलं' हे आपोआप होत नाही. कोणीतरी एकाने समोर उभं राहून स्पष्ट म्हणायचं असतं, मला तू आवडतेस, माझ्याबरोबर फिरशील का. हे म्हणेपर्यंत नातं सुरूच होत नाही. म्हणजे वाटू लागल्यापासून सांगेपर्यंतचा काळ हा वेगळा, लांबलचक आणि सगळ्यांना माहीत असलेला काळ आहे. गाणी तिथेच राहतात.

तिसरं, वेळापत्रक. शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं आणि बहुतेक शाळांत दर वर्षी तुकड्या बदलतात. मधूनमधून बाकांचीही अदलाबदल होते. शेजारी बसणारी मुलगी पुढच्या महिन्यात खिडकीपाशी. फेब्रुवारीत १४ तारखेला मुलींनी मुलांना चॉकलेट द्यायचं, मार्चच्या १४ ला मुलांनी परतफेड करायची. त्याच मार्चमध्ये शाळेचा निरोप समारंभ. काळ्या उभ्या कॉलरच्या गणवेशाचं वरून दुसरं बटण हृदयाच्या सगळ्यात जवळ असतं म्हणून मुली ते आवडत्या मुलाकडे मागतात. आता बऱ्याच शाळांत कोट-टाय आले, पण प्रथा गाण्यांत आणि मांगात (चित्रकथांत) जिवंत आहे. जिथे प्रत्येक ऋतूला बोलायची एक शेवटची संधी नेमून दिलेली आहे, तिथे न बोलल्याची गाणी होणारच.

चकली_गरम
तोक्योकर, दुसरं बटण आधीच तुटलेलं असेल तर? आमच्या शाळेत निम्म्या मुलांच्या शर्टाला सेफ्टी पिन असायची :)

तोक्योकर
@चकली_गरम, मग सेफ्टी पिन मागायची. भावना पोचल्याशी कारण :)

झेलम_के
आले. सविस्तर लिहिते.

'किमी नो शिरानाई मोनोगातारी' म्हणजे 'तुला ठाऊक नसलेली गोष्ट'. सुपरसेल हा गट, २००९. 'बाकेमोनोगातारी' या ॲनिमेच्या (जपानी ॲनिमेशन मालिकेच्या) शेवटी वाजणारं गाणं. लिहिलंय र्‍यो यांनी, गायलंय नागी यांनी. मित्रमैत्रिणींचा घोळका रात्री तारे बघायला निघतो. तो बोट करून दाखवतो, हा डेनेब, हा अल्टेअर, ती व्हेगा. तिला व्हेगा सापडते, पण तिचा जोडीदार तारा काही दिसत नाही. तिला तो आवडतो हे तिला कधीचं माहीत आहे. त्याला शेवटपर्यंत कळत नाही.

यामागे तानाबाताची गोष्ट आहे. ओरिहिमे आणि हिकोबोशी, आकाशगंगेच्या दोन काठांवरचे दोन प्रेमी, वर्षातून एकदाच भेटतात. ओरिहिमे म्हणजे व्हेगा, म्हणजे आपला अभिजित. हिकोबोशी म्हणजे अल्टेअर, आपला श्रवण. शाईताई, मुलांना हे त्रिकूट प्रत्यक्ष दाखवा. आपल्याकडे जुलैत ढग असतात, पण ऑक्टोबरमध्ये संध्याकाळी आकाश धुतलेलं असतं आणि तिन्ही तारे चांगले वर असतात. तिथेही ७ जुलैला पावसाळाच असतो, सेंदाई शहराचा मोठा तानाबाता उत्सव तर ऑगस्टमध्ये होतो.

ओसरी, या गाण्यात ती रडते, पण शेवटी ती मोठी झालेली असते आणि हे सगळं आठवत असते. ती मोडत नाही.

पेटीवाला
शब्दांवर सगळे लिहितायत, मी सुरांवर लिहितो.

जपानी पॉपमध्ये कॉर्ड्सची (एकत्र वाजवायच्या स्वरसमूहांची) एक चाल फार वापरतात, तिला तिकडे 'राजमार्ग' म्हणतात. चौथी, पाचवी, तिसरी, सहावी. सफेद एकमध्ये वाजवायची तर एफ, जी, ई मायनर, ए मायनर. पेटीवर चार-चार मात्रा धरून फिरवत राहा. काय होतं? सुरुवातच घरापासून लांब होते, पाचवीवर आल्यावर कान म्हणतो आता षड्जावर उतरणार, आणि ती तिसरीवर वळते. पुन्हा वर, पुन्हा तेच. चारांत पहिली कॉर्ड येतच नाही. घर दिसतं, दारापर्यंत जाणं होतं, आत जाणं होत नाही. न सांगितलेल्या प्रेमाला याहून योग्य वाट कोणती?

गाण्याचे भागही बघण्यासारखे आहेत. त्यांचा ए-मेलो, मग बी-मेलो, मग साबी. साबी म्हणजे आपला मुखडा समजा, फक्त तो उशिरा येतो. बी-मेलो हा भाग श्वास रोखून धरायला असतो. मनातलं ओठांवर येतं ते साबीत, आणि तेही ज्याला सांगायचं त्याला सोडून आपल्याला.

अवांतर: त्यांची जुनी लोकप्रिय गाणी बरीचशी चौथा आणि सातवा स्वर गाळून केलेली असतात. सा रे ग प ध. म्हणजे आपल्या भूपाचेच स्वर. माझ्या आजीला अशी एक चाल वाजवून दाखवली तर तिने लगेच 'भूप आहे की' म्हटलं.

निळी_सायकल
पेटीवाला, कमाल प्रतिसाद. आत्ता गिटारवर वाजवून बघितलं. खरंच घरी पोचत नाही.

मिताली_न
मी अकरावीत आहे, कोल्हापूरला. मोठी माणसं आमच्यासाठी काय योग्य ते ठरवतायत म्हणून लिहावंसं वाटलं.

आम्ही ही गाणी दुःखी व्हायला ऐकत नाही. काहीतरी वाटत असतं आणि ते घरी सांगता येत नाही, मैत्रिणीला सांगितलं तर दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गाला कळतं. गाण्याला सांगितलं तर कुठे जात नाही. आणि भाषा परकी असल्यामुळे मोठ्याने लावलं तरी घरात कोणाला कळत नाही, हा फायदा आहेच.

माझ्याकडून दोन. 'मेल्ट', र्‍यो यांचंच, डिसेंबर २००७, हात्सुने मिकूच्या आवाजात. मिकू हे सॉफ्टवेअर आहे, साप्पोरोच्या क्रिप्टन कंपनीने त्याच वर्षी ३१ ऑगस्टला आणलं. तोपर्यंत लोक त्याच्याकडून जास्त करून मजेची गाणी गाऊन घेत होते. 'मेल्ट'मध्ये एक मुलगी सकाळी उठून आवडत्या मुलासाठी केस कापते, गुलाबी स्कर्ट घालते, अचानक पाऊस येतो, एका छत्रीतून दोघं जातात आणि हात लागेल इतक्या अंतरावर तिला श्वास घेता येत नाही. माणसाचा आवाजही नाही त्यात, तरी माझ्या डोळ्यांत पाणी येतं.

दुसरं हनीवर्क्स या गटाचं 'कोकुहाकु योकोऊ रेन्श्यू', म्हणजे प्रेम सांगायची रंगीत तालीम. ती लहानपणापासूनच्या मित्राला सांगून टाकते की तू आवडतोस. आणि लगेच म्हणते, घाबरलास ना, तालीम करत होते. यातल्या पात्रांवर २०१६ मध्ये चित्रपटही आला. त्याच्या बाजूचं वेगळं गाणं आहे, 'याकिमोची नो कोताए', त्यात कळतं की तोही तेच लपवत होता.

ओसरी
मिताली, तू लिहिलंस ते बरं झालं. घरी सांगता येत नाही हे वाक्य मला लागलं. तरी माझा मुद्दा सोडत नाही. न सांगणं हे एवढं सुंदर करून दाखवलं की मूल सांगायचंच टाळणार नाही का?

तोक्योकर
ओसरींचा हा मुद्दा मला पटतो. न बोलणं हा काही गुण नाही. इथे मी बघतो, मुलं आत आत ठेवतात आणि ते जड होत जातं. म्हणूनच मितालीने सांगितलेलं तालमीचं गाणं मला जास्त मोलाचं वाटतं. ते न बोलण्याचं कौतुक करत नाही. बोलून मागे घेणं किती महाग पडतं ते दाखवतं.

जुनी_कॅसेट
एक जुनं सुचवतो, त्यावर भांडण होईल याची खात्री आहे. 'माचिबुसे'. लिहिलंय युमिंगने, म्हणजे युमी मात्सुतोयांनी. आधी १९७६ मध्ये आलं होतं, पण गाजलं १९८१ मध्ये हितोमी इशिकावांच्या आवाजात. गाण्यातल्या मुलीला तो तिच्या मैत्रिणीबरोबर कॅफेत दिसतो. ही मनात ठरवते की एक दिवस त्याला माझ्याकडे वळवीनच. दुसऱ्या कोणीतरी दिलेलं प्रेमपत्र मुद्दाम त्याला दाखवते, आणि योगायोगाने भेटल्यासारखं दाखवून त्याच्या घरच्या वाटेवर उभी राहते. चाल इतकी लोभस आहे की पहिल्यांदा ऐकताना लक्षातच येत नाही काय चाललंय.

ओसरी
बघा! याच्यासाठीच मी बोलत होतो. वाटेत उभं राहणं.

मिताली_न
हो, हे मलाही खटकतं. वाटेत वाट बघणारं माणूस गाण्यात गोड वाटतं, एसटी स्टँडवर नाही.

कोमोरेबी
पण इथे मुलगी आहे, आणि ती उभी राहण्यापलीकडे काही करत नाही...

मिताली_न
@कोमोरेबी, मुलगी असली म्हणून काय झालं? त्या मुलाला कोणी विचारलं का? आणि मैत्रिणीचं काय?

शाई_दौत
याच संवादासाठी मी 'माचिबुसे' घेणार. मला वर्गात फक्त आदर्श गाणी नको आहेत. 'नात्सु मात्सुरी'तला खिशात गेलेला हात आणि 'माचिबुसे'तली वाटेवर उभी असलेली मुलगी, ही दोन गाणी लागोपाठ ऐकवायची आणि मुलांना विचारायचं की दोघांपैकी कोणाशी तुम्हाला मैत्री करायला आवडेल. ओसरी, पेपरातल्या बातमीची भीती मलाही वाटते. म्हणूनच वाटतं की मनात काय वाटतं आणि त्यापोटी आपण समोरच्याशी काय करतो, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मुलांनी चौदाव्या वर्षी ऐकलेलं असावं. भाषण देऊन ते ऐकत नाहीत, गाण्यातून ऐकतात.

रानजाई
उताडा हिकारूंचं 'फर्स्ट लव्ह' कोणीच कसं लिहिलं नाही? १९९९. तेव्हा त्या सोळा वर्षांच्या होत्या! त्याच नावाचा अल्बम आजही जपानमधला सगळ्यात जास्त विकला गेलेला, ७० लाखांच्या वर.

झेलम_के
रानजाई, गाणं अजोडच आहे, पण ते संपलेल्या प्रेमाचं. शेवटच्या चुंबनाला तंबाखूचा वास आहे त्यात, म्हणजे दोघं बरेच पुढे गेलेले :) या धाग्यातलं प्रेम सुरूच झालेलं नाही.

रानजाई
असेना. सोळाव्या वर्षी कोणी काय लिहू शकतं हे सोळा वर्षांच्या मुलांना कळायला हवं. मी तर ते यादीत ठेवीनच.

निळी_सायकल
बॅक नंबर! गुन्मा प्रांतातला बँड. 'ताकाने नो हानाको-सान', २०१३. हाती न येणाऱ्या मुलीच्या प्रेमात पडलेला मुलगा. तो घरी बसून कल्पना करतो की तिचा प्रियकर कसा असेल: मॉडेलसारखा, तिच्यापेक्षा मोठा, उन्हाने रापलेला आणि इंग्रजी गाणी ऐकणारा. इंग्रजी गाणी ऐकणारा हे त्याला सगळ्यात जास्त झोंबतं असं मला वाटतं. मुलग्यांसाठी हे गाणं हवंच. मुलांना आपण हसत हसत सुद्धा हळवं व्हायला शिकवत नाही.

चकली_गरम
आमच्या वेळी तो प्रियकर बुलेट चालवायचा. इंग्रजी गाण्यांना कोण विचारतंय :)

जुनी_कॅसेट
अवांतर विचारतो. आपल्या भावगीतांत विरह आहे, वाट पाहणं आहे, पण शाळेतल्या वयाचं न बोललेलं प्रेम किती गाण्यांत आहे? नववी-दहावीतल्या प्रेमावर आपल्याकडे नावाजलेली कादंबरी आहे, त्या वयासाठी गाणी फारशी नाहीत. मुलं तिकडे जातात ती उगाच नाही.

पेटीवाला
+१. आणि चाली तयार आहेत आपल्याकडे. लिहिणारे हवेत.

शर्वरी_ठाणे
गायक फुजिई काझे कोणी घेतले नाहीत? (प्रेम एकतर्फी नाही, माहीत आहे.) पुणेकरांसाठी सांगते, ते ओकायामाचे. आणि आपलं पु. ल. देशपांडे उद्यान हे पुणे-ओकायामा मैत्रीचं उद्यान आहे. ताईंनी गाण्यांचा तास तिथेच घ्यावा.

मिताली_न
उद्यानात गाणी मोठ्याने लावू देतात का पण?

तोक्योकर
नाही देत बहुतेक. तिथे फिरवा फक्त, गाणी वर्गातच.

शाई_दौत
सगळ्यांचे आभार. आज बसून यादी केली.

'हात्सुकोई' पहिलं, कारण शब्द सोपे आहेत आणि हाक मारण्याचा तोक्योकरांनी सांगितलेला संदर्भ तिथेच द्यावा लागेल. मग 'नात्सु मात्सुरी' आणि 'माचिबुसे' लागोपाठ. 'मेल्ट' नुसतं ऐकायला, गायला फार वेगवान आहे. तालमीचं गाणं आणि त्याच्या बाजूचं उत्तर, दोन्ही मिळून एक संवाद म्हणून मुलांकडून वाचून घेणार. 'ताकाने नो हानाको-सान' मुलग्यांनी म्हणायचं. 'किमी नो शिरानाई मोनोगातारी' ऑक्टोबरपर्यंत राखून ठेवते, झेलमने सांगितलेले तारे दिसायला लागले की. रानजाई, 'फर्स्ट लव्ह' मोठ्या मुलांना, अकरावीच्या. पेटीवाला, तो राजमार्ग तुम्ही येऊन वाजवून दाखवाल का? माझ्याकडे पेटी आहे, वाजवणारं कोणी नाही.

पेटीवाला
येतो. रविवार असेल तर नक्की.

ओसरी
माझं मत पूर्ण बदललेलं नाही, हे स्पष्ट लिहितो. मन हळवं असताना रोज तेच ऐकणं मला अजूनही बरं वाटत नाही. पण 'माचिबुसे'वर मुलं काय बोलतात ते मला ऐकायचं आहे. पालकांना बसता येईल का?

शाई_दौत
बसता येईल, पण त्या तासाला नाही. पालक समोर असले की मुलं माझ्या तोंडाकडे बघून उत्तरं देतात. 'हात्सुकोई'च्या दिवशी या, मुलीला घेऊन. गाणं फार लांब नाही, शब्द छापून देते, दोघांनी मिळून अर्थ लावा.

मिताली_न
ताई, 'माचिबुसे'च्या तासाला आधी मुलांना बोलू द्या, मुली नंतर. आम्ही आधी बोललो की ते नुसते हो म्हणतात.

शाई_दौत
पटलं. तसंच करते. आणि तालमीच्या गाण्याचे शब्द तुझ्याकडे नीट टाइप केलेले असतील तर पाठव, मला मिळालेल्या प्रतीत दोन ओळी गाळलेल्या दिसतायत.